हरसोनोंची मुकी गिटार

माणसाने गल्लीच्या सभेला जावं, गोड चहा प्यावा, उकडलेल्या शेंगा सोलाव्यात, आणि कुणी "कोण तयार आहे?" असं विचारलं की मान खाली घालून हातातलं टरफल बारकाईने तपासावं. पाणीपट्टीच्या कचेरीत तीस वर्षं काढलेल्या पाक हरसोनोंना, म्हणजे हरसोनोरावांना, ही विद्या उत्तम अवगत होती. तरीही जूनच्या सभेत गल्लीप्रमुख बू लिलिक, म्हणजे लिलिकबाई, यांनी सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, स्टेजचा विषय काढला, "दर वर्षी तोच बायकांचा नाच आणि तीच पोत्यांची शर्यत, यंदा काहीतरी नवं हवं बाई," असं म्हणत चष्म्यावरून सगळीकडे नजर फिरवली, आणि हरसोनोंच्या तोंडून निघून गेलं, "मी गिटार वाजवीन. इलेक्ट्रिक."

सभेने टाळ्या वाजवल्या. मलांग शहरात पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष तरुणपणी एक तर रॉक बँडमध्ये होता, नाही तर बँडमधल्या कुणाचा तरी मावसभाऊ होता. त्यामुळे ढोल वाजवायला गॅसची टाकी पोचवणारा आणि बेस वाजवायला बू लिलिकचे यजमान असे दोघं जागच्या जागी तयार झाले.

घरी येताना बायकोने, बू एन्दांगने, तिकडच्या रीतीने नवऱ्याला 'मास', म्हणजे दादा, म्हणत एवढंच विचारलं, "मास, तो तुकडासुद्धा वाजवणार?"

"तोच तर वाजवायचाय," हरसोनो म्हणाले.

तो तुकडा म्हणजे बावीस सेकंदांचा सोलो. हरसोनोंनी कॉलेजात स्वतः रचलेला, त्यांच्या बँडच्या एकुलत्या एक गाण्यातला. तार ताणून सूर वर न्यायचा, तिथे क्षणभर लोंबकळायचं आणि मग नऊ पायऱ्यांचा जिना झरझर उतरायचा. सातव्या पायरीवर हरसोनोंची अनामिका शेजारच्या तारेला अडकायची आणि सुराऐवजी "ट्याव्" असा आवाज यायचा. तेहतीस वर्षांपूर्वी स्पर्धेत भर स्टेजवर हेच "ट्याव्" झालं होतं आणि परीक्षकांपैकी एक जण हसला होता. त्यानंतर लग्न झालं, नोकरी लागली, घराचे हप्ते फिटले, केस गेले. पण तो तुकडा चारचौघांत एकदा तरी न अडखळता वाजवायचा, ही एक गोष्ट राहून गेली होती. आता वाजवायचा होता तो ज्यांच्यासमोर रोज लुंगी नेसून कचरा टाकायला जावं लागतं त्या माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी पलंगाखालून गिटार निघाली. तिच्यामागून जुना अँप, म्हणजे अँप्लिफायर, निघाला आणि अँपमधून पालीची अंडी निघाली. पण अँप चालू होता! बटण दाबताच त्याने असा हुंकार दिला की स्वयंपाकघरातली झाकणं थरथरली. हरसोनोंनी पहिला सूर छेडला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. सात दिवस रोज संध्याकाळी त्यांनी तो तुकडा वाजवला. सात दिवस सातव्या पायरीवर "ट्याव्" झालं. पण उत्साह असा होता, की माणूस कचेरीतून येताना मोटरसायकलवरच बोटं नाचवायचा.

आठव्या दिवशी शेजारचे पाक वागिमान सुराबायाहून परत आले.

पाक वागिमान सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे एक शामा पक्षी होता आणि त्याचं नाव त्यांनी जनरल ठेवलं होतं, त्यामुळे त्या घरात हुकूम कुणाचा चालतो हे विचारायची गरज नव्हती. जनरल हा गाण्याच्या स्पर्धेतला पक्षी. शामा हा जातीचाच नकलाकार, कानावर पडेल ते उचलतो. म्हणून वागिमान त्याला रोज पहाटे रातकिड्यांचं आणि नामांकित पक्ष्यांचं ध्वनिमुद्रण ऐकवत, आणि घरात स्वतःच्या बायकोलासुद्धा मोठ्याने शिंकू देत नसत. जुलैअखेर महापौर चषक होता. नातवाच्या सुंतेसाठी ते आठवडाभर सुराबायाला गेले होते आणि जनरलला पडवीतच टांगून, किडे घालायला बहिणीला बोलावून गेले होते.

सकाळी सहाला हरसोनो दात घासत असताना कुंपणापलीकडून जनरल गायला. आधी रातकिडा. मग बुलबुल. मग एक सूर ताणला जात वर गेला, तिथे लोंबकळला आणि झरझर खाली आला. सातव्या पायरीवर "ट्याव्".

हरसोनोंनी पेस्ट गिळली.

"ऐकलंत?" कुंपणावर वागिमान यांचं डोकं उगवलं. "पाक हरसोनो, दीड वर्षं घातलंय मी या पक्ष्यावर. दीड वर्षं! आणि तुम्ही आठवड्यात त्याला वाया घालवलंत."

"तसा सूर चांगला उचललाय त्याने," हरसोनो चाचरत म्हणाले.

"सूर नाही, चूक उचललीय! तो शेवटी अडखळतो ना, तसा तो जन्मात कधी अडखळला नव्हता. बिघडवायचाच होता तर निदान बरोबर वाजवून तरी बिघडवायचा!"

माणसाला शिव्या खाता येतात. पण आपल्या संगतीने पक्षी बिघडला हे ऐकून घ्यायला फार मोठं मन लागतं, आणि तोंडात ब्रश असताना ते मोठं करता येत नाही. हरसोनो आत गेले आणि नाश्त्याला सोयाबीनच्या टेंपेचा तुकडाही न खाता कचेरीत गेले.

प्रकरण बू लिलिककडे गेलं. बू लिलिक निवृत्त शाळामास्तरीण, तंटा म्हटला की त्यांना तरतरी यायची. त्यांनी दोन्ही पक्षांना चहा दिला, तिसऱ्या पक्षाला म्हणजे जनरलला अळ्या दिल्या, आणि सगळ्यांचं ऐकून घेऊन निकाल दिला: स्टेजवर हरसोनो वाजवणारच, गल्लीला शब्द दिलाय, पण तोवर गल्लीच्या हद्दीत त्यांच्या गिटारचा आवाज जनरलच्या कानी पडता कामा नये. तसं प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं.

"मुद्रांक लावून," वागिमान म्हणाले.

"मुद्रांक लावून," बू लिलिक म्हणाल्या. "तीन प्रती, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स."

हरसोनोंनी तिथल्या तिथे सही ठोकली. बू लिलिकनी कागद उजेडात धरला. "पाक, तुम्ही सरकारी माणूस ना? सही अर्धी मुद्रांकावर आणि अर्धी कागदावर हवी. ही सगळी कागदावरच आहे. पुन्हा." तिसऱ्या खेपेला सही बरोबर जागी पडली, पण घाईत ती हरसोनोंच्या सहीसारखी दिसेना, म्हणून खाली "ही सही माझीच आहे" असं लिहून पुन्हा एक सही करावी लागली. कचेरीत लोकांना हेच करायला लावत त्यांचा जन्म गेला होता. 

आता सराव करायचा कसा? गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. बू लिलिक म्हणाल्या, अँपवर गोधडी घाला. गॅसवाला म्हणाला, विहिरीत बसून वाजवा. बेसवाले यजमान म्हणाले, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावा, रेडिओ स्टेशनात तसेच असतात. हरसोनोंनी बाजारातून दोनशे चाळीस पुठ्ठे जमवले आणि रविवारभर खोलीत चिकटवले. सोमवारी त्यांच्यात मुंग्या झाल्या. मंगळवारी बू एन्दांग म्हणाली, "मास, एक तर पुठ्ठे राहतील नाही तर मी." हरसोनोंनी विचार करायला जरा वेळ घेतला, ते तिला आवडलं नाही.

शेवटी मेहुण्याने, योयोकने, गुरुकिल्ली दिली. योयोक स्वतः काही वाजवत नसे, पण इंटरनेटवर गिटारवाल्यांच्या तीन गटांत तो भांडत असे, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं.

"दाजी, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? अँप मॉडेलर घ्या! एवढीशी पेटी असते. तिच्यात जगातले सगळे अँप. विलायती, अमेरिकन, सगळ्यांच्या हुबेहूब नकला. गिटार खुपसायची, हेडफोन लावायचा. तुमच्या कानात वादळ आणि बाहेर झुरळालासुद्धा पत्ता नाही."

"सगळे अँप?" हरसोनो पुढे सरकले. तरुणपणी ज्या अँपची चित्रं वहीत चिकटवली होती, ते सगळे?

"दीडशेच्या वर आवाज, दाजी."

त्या क्षणापासून हरसोनोंची झोप उडाली. रात्रंदिवस एकच ध्यास. त्यांनी कचेरीची जुनी नोंदवही घेतली आणि तीत रकाने आखले. तीन पेट्या अंतिम फेरीत आल्या. एक साबणवडीएवढी, थेट गिटारीतच खुपसायची. दुसरी जेवणाच्या डब्याएवढी, तिला वर पडदा आणि पायाने दाबायची बटणं. तिसरी जुन्या रेडिओसारखी दिसणारी, तिला स्वतःचे छोटे कर्णे. हरसोनो सकाळी साबणवडीच्या बाजूचे असत, दुपारी डब्याकडे झुकत आणि संध्याकाळी रेडिओ पाहून त्यांचं मन विरघळे. योयोक रोज नवी चित्रफीत पाठवी, तीत एखादा गोरा तरुण सांगे की चौथीच पेटी सर्वांत चांगली. बघता बघता गल्लीत तट पडले. गॅसवाला साबणवडीचा, बू लिलिक रेडिओच्या, कारण तो पाहुण्यांसमोर बरा दिसतो. पाणी नाही म्हणून तक्रार घेऊन कचेरीत आलेल्या एका माणसाला हरसोनोंनी तिन्ही पेट्यांची माहिती देऊन परत पाठवलं, आणि तो डब्याला मत देऊन गेला.

शेवटी दुकानात जायचं ठरलं, तेव्हा वागिमान आडवे आले.

"मीही येणार. पेटी खरंच मुकी आहे की नाही हे कुणी ठरवायचं?"

"तुम्ही ठरवा की," हरसोनो म्हणाले.

"माझे कान तोफखान्यात गेले. जनरल ठरवेल."

अशा रीतीने त्या शनिवारी को हेंकीच्या, म्हणजे हेंकीशेटच्या, वाद्यांच्या दुकानासमोर दोन मोटरसायकली थांबल्या. पहिलीवर हरसोनो आणि पाठीला गिटार, दुसरीवर वागिमान आणि पाठीला कापडात गुंडाळलेला पिंजरा. को हेंकीने चाळीस वर्षांच्या धंद्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने पिंजऱ्यासाठी स्टूल आणून दिलं.

"काय बघायचं, पाक?"

"पेटी मला हवीय," हरसोनो म्हणाले.

"पास मात्र हा करणार," वागिमान यांनी पिंजऱ्यावरचं कापड बाजूला सारलं.

रेडिओ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचे कर्णे चुकून चालू राहिले आणि जनरल दांडीवरून उडाला. साबणवडीत आवाज गोड होता, पण तिची बटणं एवढी बारीक, की चष्मा लावला तर बटण दिसे आणि काढला तर गिटार दिसे. मग डबा आला. को हेंकीने हेडफोन कानावर चढवला, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "वाजवा."

हरसोनोंनी तार छेडली आणि ते दुकानातच राहिले नाहीत. एखाद्या मोठ्या मैदानात उभे होते, मागे माणसापेक्षा उंच अँपची भिंत होती, आणि तो सूर त्यांचा होता, त्यांच्या स्वतःच्या बोटांतून निघालेला! त्यांचे डोळे भरून आले. "अरे देवा! अरे देवा!" ते ओरडले. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने ओरडतोय हे कळत नाही. रस्त्यापलीकडचा नूडल्सवाला बघायला आला.

बाहेर मात्र नुसती टिकटिक. वागिमान यांनी पिंजऱ्याशी कान लावला. जनरलने पंख साफ केले, एक दाणा खाल्ला, आणि स्वतःहून, कुणी काही न विचारता, तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायला. "ट्याव्"सकट.

"वा!" को हेंकी म्हणाला. "कुणी शिकवलं हो याला?"

हरसोनोंनी तेवढ्यापुरता हेडफोन काढला होता. त्यांनी तो परत लावला.

डबा घरी आला. हेडफोन मात्र हरसोनोंनी घेतला नाही, कारण बू एन्दांगकडे एक होता, बिनतारी, प्रवचनं ऐकायचा. तो पेटीशी फटक्यात जुळला. हरसोनोंनी मांडी ठोकली, तार छेडली, आणि सूर आला, पण किंचित मागून. तार आत्ता छेडावी, सूर डोळ्याचं पातं लवल्यावर यावा. त्यांनी जोरात छेडून पाहिलं, हळू छेडून पाहिलं. सूर आपला मागूनच.

"एन्दांग," ते खोल आवाजात म्हणाले, "माझी बोटं म्हातारी झाली गं."

चार दिवस त्यांनी हे दुःख एकट्याने सोसलं. मग बाजारामागच्या मालीशवाल्या म्हातारीकडे गेले. तिने आलं आणि लवंगेच्या तेलाने एकेक बोट असं काही ओढलं, की कचेरीत त्यांना दोन दिवस शिक्का धरता आला नाही. "वारा शिरलाय हाडांत," ती म्हणाली. सूर तरी मागूनच. शेवटी योयोकला रडत फोन केला, तर तो फोनमध्येच हसत सुटला.

"दाजी, बिनतारी हेडफोनात आवाज उशिराच पोचतो! तारेचा घ्या, तारेचा!"

हरसोनोंनी तारेचा घेतला. त्याचं टोक बारीक निघालं आणि पेटीचं भोक मोठं. को हेंकीने मधे लावायची टोपी दिली. त्या रात्री तार छेडताक्षणी सूर कानात उभा राहिला आणि हरसोनोंनी अंगणात जाऊन दहाही बोटं चंद्राला दाखवली. ती म्हातारी नव्हती!

आता मुक्काम जवळ आला असं त्यांना वाटलं. पण दीडशे आवाज म्हणजे थट्टा नाही. सोलोला कुठला अँप लावायचा? त्यावर प्रतिध्वनी किती? खोली केवढी? लाकडी की दगडी? हरसोनो रोज संध्याकाळी सातला बसायचे आणि नऊपर्यंत नुसती बटणं फिरवायचे. सूर एकच, पोशाख दीडशे. सगळं मनासारखं जुळून आलं, आता वाजवणार, इतक्यात एन्दांग इस्त्री लावायची, भात शिजत असायचाच, वर पाण्याचा पंप सुरू व्हायचा, आणि नऊशे वॅटच्या वीजजोडणीचा खटका पडून घर अंधारात जायचं. पेटीत जपून ठेवायला विसरलेला आवाजही त्याबरोबर जायचा.

"एन्दांग! तेहतीस वर्षांत असा आवाज लागला नव्हता गं!"

"मग तोच आवाज लावून शर्टाला इस्त्री करून घ्या," अंधारातून उत्तर आलं.

एके दिवशी मात्र तिने पुढ्यात चहा आपटला. "मास, दोन आठवडे झाले. तुम्ही पेटी वाजवताय. गिटार कधी वाजवणार?"

ते हरसोनोंना लागलं. त्यांनी डोळे मिटून एक बटण दाबलं, जो लागला तो आवाज कायम केला, आणि त्या दिवसापासून खरा सराव सुरू झाला. हळू, बैलगाडीच्या चालीने, एकेक पायरी. कचेरीत जाता-येता स्वतःच्या वाजवण्याचं मुद्रण हेडफोनवर ऐकायचं, जेवताना ऐकायचं, कचरा टाकायला जाताना ऐकायचं. गल्लीत काय चाललंय याचा त्यांना पत्ता राहिला नाही. पोरं तोंडाचा चंबू करून काहीतरी फुंकताना दिसायची. मीटबॉलवाला गाडी ढकलत ओठ हलवत जायचा. हरसोनो सगळ्यांना हात करायचे आणि सातव्या पायरीकडे लक्ष ठेवायचे.

जुलै संपता संपता वागिमान यांच्याकडून जेवणाचं खोकं आलं: पिवळा भात, तळलेली कोंबडी, उकडलेलं अंडं.

"जनरलने चषक जिंकला," एन्दांग म्हणाली.

"बघ!" हरसोनोंनी हेडफोन न काढताच ओरडून सांगितलं. "माझ्या मुकेपणाचा परिणाम! शांतता मिळाली म्हणून गायला तो."

एन्दांग काहीतरी सांगू पाहत होती, पण हरसोनोंनी अंडं तोंडात टाकून पुन्हा डोळे मिटले होते. आणि त्याच संध्याकाळी, भाताचा घास पोटात असताना, ते घडलं. वर, लोंबकळणं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात... आठ, नऊ. ट्याव् झालंच नाही! हरसोनो हललेसुद्धा नाहीत. पुन्हा वाजवलं. पुन्हा झालं नाही. तिसऱ्यांदा वाजवलं आणि मग गिटारीला मिठी मारून ते पलंगावर आडवे झाले. कुणाला सांगायचं? ऐकलं होतं फक्त त्यांनीच.

बँडच्या तालमी गल्लीच्या सभागृहात व्हायच्या. प्रतिज्ञापत्रात 'गल्लीच्या हद्दीत' असं लिहिलेलं असल्यामुळे तिथेही हरसोनो पेटी आणि हेडफोन लावूनच बसायचे. सोलो आला की गॅसवाला आणि बेसवाले हात थांबवून बावीस सेकंद त्यांच्या तोंडाकडे बघत. तोंड वर जायचं, भुवया ताणल्या जायच्या, मग मान नऊ झटके देत खाली यायची.

"झालं?" गॅसवाला विचारायचा.

"झालं," हरसोनो घाम पुसत म्हणायचे. "कसं वाटलं?"

"चेहरा तरी चांगला होता, पाक."

सतराच्या नंतरच्या रविवारी दुपारी स्टेज सजलं. लाल-पांढऱ्या पताका, भाताचे डोंगर, आणि बाजूला कर्ण्यांच्या दुमजली भिंती. चाचणीलाच त्यांच्या घुमण्याने दोन कौलं खाली आली आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वागिमान यांनी जनरलला आदल्या दिवशीच बाटूच्या डोंगरावर बहिणीकडे पाठवलं होतं आणि ते स्वतः पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

हरसोनोंची पेटी कर्ण्यांना जोडली गेली.  हेडफोन नव्हता, कान उघडे होते आणि त्यात सगळी गल्ली होती. गाणं सुरू झालं, पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. गॅसवाल्याने मान हलवली. हरसोनो पुढे आले, तार ताणली, सूर वर गेला आणि दोन मजल्यांच्या कर्ण्यांतून सगळ्या मलांगवर पसरला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात! आठ, नऊ. स्वच्छ, पाण्यासारखा.

तेहतीस वर्षांनी. त्यांनी डोळे उघडले.

 माणसं एकमेकांकडे बघत होती. मग मागून एक पोरगी ओरडली, "चुकलं!"

"चुकलं, चुकलं!" पोरांनी उचलून धरलं. मीटबॉलवाल्याने हळहळत मान हलवली. बू लिलिक माईक घेऊन लगबगीने स्टेजवर आल्या.

"पाक हरसोनो, घाबरायचं नाही. सगळी आपलीच माणसं आहेत. शेवटी जरा गडबड झाली, पुन्हा एकदा वाजवा."

"गडबड?" हरसोनो ओरडले. "अहो बू, मी बरोबर वाजवलं! आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बरोबर वाजवलं!"

"आम्हाला सांगू नका. दोन महिने रोज सकाळी सहाला ऐकतोय आम्ही. सगळ्या गल्लीला पाठ आहे. जनरलने चषक घेतलाय त्यावर! परीक्षक म्हणाले, असला सूर कुठल्याच पक्ष्याकडे नाही." त्या स्टेजच्या कडेशी मीटबॉलवाल्याकडे वाकल्या. "मास, दाखवा हो यांना."

मीटबॉलवाल्याने ओठांचा चंबू केला आणि तो तुकडा शिट्टीवर वाजवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सफाईने. सातव्या पायरीवर अगदी नेमकं "ट्याव्". गल्लीने टाळ्या वाजवल्या.

हरसोनोंना आता सगळं कळलं. पोरांचे चंबू कळले, कोंबडीचं खोकं कळलं, एन्दांग त्या दिवशी काय सांगत होती ते कळलं. क्षणभर त्यांना वाटलं, पेटी इथेच आपटावी. मग त्यांची नजर खाली गेली. भाताच्या डोंगराशेजारी एन्दांग उभी होती, हातात डाव तसाच, आणि ती पदराने डोळे पुसत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. संसारभर तिने त्या "ट्याव्"ची कहाणी ऐकली होती, आणि आज ते झालं नाही हे तिला कळलं होतं.

बस. हरसोनोंना हसू फुटलं. त्यांनी गॅसवाल्याकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्यांदा वाजवलं, तर बोट अडखळेच ना! सरावाने हात असा पक्का झाला होता, की चूक करायची म्हटलं तरी जमेना. "नाही, नाही!" गल्ली ओरडली. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन अनामिका मुद्दाम शेजारच्या तारेवर घातली, आणि त्याच क्षणी दीडशे माणसं एका घशाने ओरडली, "ट्याव्!" कौलं पुन्हा हलली. बू लिलिक माईकमध्ये ट्याव् म्हणाल्या. पोरांनी तो तुकडा आणखी चार वेळा वाजवायला लावला आणि हरसोनो चारही वेळा इतक्या आनंदाने चुकले, की त्यांच्या बोटांतून रक्त यायचं बाकी राहिलं.

स्टेजवरून उतरले तेव्हा खाली वागिमान उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पहिलं बरोबर होतं."

"काय म्हणालात?"

"पहिल्यांदा वाजवलंत ते. सातव्यावर अडखळला नाहीत. पक्षी तयार करतो मी, पाक. माझे कान गेले असतील, पण बरोबर-चूक कळतं." ते घसा खाकरून म्हणाले, "छान वाजवलंत. फक्त जनरलसमोर तसं वाजवू नका."

ते बोलणं संपायच्या आत हरसोनोंनी गिटारीसकट त्यांना कडकडून मिठी मारली. निवृत्त सार्जंट वागिमान यांनी ती दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, सावधानच्या स्थितीत, शेवटपर्यंत सोसली.